रानातली औषधं, ती जाणणारी माणसं आणि आपण : ठाणे-नवी मुंबईकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस सुरू झाला की येऊर, कर्नाळा, खारघरच्या टेकडीकडे गर्दी वळते. पाड्यावरच्या बायकांच्या टोपलीतला पाला, कंद, शेंगा बघून लोक थांबतात आणि विचारू लागतात: हे काय आहे, कशावर चालतं, कुठे मिळेल? त्यातून पुढचे मोठे प्रश्न निघतात: हे ज्ञान कुणाचं, त्यावरचा नफा कुणाचा, आणि अ‍ॅमेझॉन किंवा केरळच्या वर्षावनांत अशा औषधांचं काय झालं? पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे दोन ओळींत सांगितलं तर अर्धवटच राहिलं असतं.

येऊरचं जंगल म्हणजे वर्षावन का?

नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची ही बाजू मुख्यतः ओल्या पानझडी जंगलाची आहे. साग, ऐन, खैर, पळस, काटेसावर ही झाडं उन्हाळ्यात उघडी पडतात. ओढ्याकाठच्या घळींमध्ये तेवढा थोडा हिरवा, दाट पट्टा वर्षभर टिकतो. खरं सदाहरित जंगल बघायचं तर आंबोली, राधानगरी, कोयना किंवा भीमाशंकरला जायला हवं. भीमाशंकर अभयारण्याचा काही भाग आपल्याच जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात येतो, हे पुष्कळ ठाणेकरांना माहीत नसतं. सह्याद्रीची हीच रांग खाली केरळात सायलेंट व्हॅली आणि अगस्त्य पर्वतापर्यंत जाते आणि तिकडे ती अस्सल वर्षावन होते. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही आपल्याकडची चार आहेत.

मग अ‍ॅमेझॉन आणि केरळच्या वर्षावनातल्या औषधांशी ठाण्याचा काय संबंध?

प्रश्न तेच आहेत, आणि केरळपुरता तर कायदाही तोच आहे. अ‍ॅमेझॉनमधल्या मात्सेस लोकांपुढे जी अडचण आहे तीच येऊरच्या वारली म्हाताऱ्यापुढे आहे. त्याला झाड माहीत आहे, त्याच्या नातवाला नाही. आणि ज्यांना ते झाड हवं आहे त्यांना त्या म्हाताऱ्याची गरज फक्त झाडाचं नाव सांगण्यापुरती आहे. तिकडे लोकांनी यावर काही उपाय करून पाहिले. काही जमले, काही फसले. ते समजून घेतल्याशिवाय आपण इथे काय करावं हे ठरवता येत नाही.

आपल्याकडे ही औषधं नेमकं कोण देतं?

ठाणे जिल्ह्यात वारली, कातकरी, ठाकर, महादेव कोळी, मल्हार कोळी अशा जमाती आहेत. त्यांच्यात औषध जाणणारे लोक एकाच प्रकारचे नसतात. भगत देवाचं बघतो आणि औषधही देतो. काही जण फक्त झाडपाल्याचं देतात, देवाशी त्यांचा संबंध नसतो. हाड बसवणारा वेगळा. सुईण वेगळी, आणि तिच्याकडचं ज्ञान पुरुषांना बहुतेक वेळा ठाऊकच नसतं. बाळंतिणीला काय द्यायचं, दूध कशाने येतं, पोराच्या पोटात मुरडा आला तर काय उगाळायचं, हे सगळं बायकांकडे आहे. पाहणी करायला आलेली मंडळी पाड्यावर गेली की पहिल्यांदा भगताकडे जातात, वही भरतात आणि निघतात. निम्मं ज्ञान मागे चुलीपाशी राहून जातं.

महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी कातकरी हा एक आहे. कोलाम आणि माडिया गोंड हे दुसरे दोन. कातकऱ्यांपैकी फार मोठा वर्ग वर्षाचे कित्येक महिने वीटभट्टीवर असतो. रान ओळखायला शिकायचं वय भट्टीवर जातं. हे ज्ञान का आटतंय याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको.

एखाददुसरं उदाहरण सांगाल का?

शेवळं घ्या. मृगाच्या पावसात जमिनीतून वर येणारे हे जांभळट-तपकिरी कोंब जांभळी नाक्याच्या बाजारात जुड्या बांधून विकायला येतात. सुरणाच्या कुळातलं हे रोप. नुसतं शिजवून खाल्लं तर जीभ, घसा असा काही खाजतो की पुन्हा नाव काढायचं नाही. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून विकणारी बाई जुडीबरोबर मूठभर हिरवी, आंबट काकडंही देते. काकडाचं झाड वेगळं, जंगलात वेगळ्या जागी येणारं, पण त्याची फळं धरतात नेमकी याच दिवसांत. शेवळाच्या आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरायचं, काकडं ठेचून त्यांचा रस घालायचा, मग खाज उतरते. आपल्याकडे कित्येक घरांत ही भाजी सोड्याबरोबर होते आणि घरातले लोक वर्षभर तिची वाट बघतात. कोणत्या झाडाच्या खाजेवर कोणत्या झाडाचं फळ, आणि दोन्ही एकाच पंधरवड्यात, हे कुणीतरी कधीतरी खाऊन, सोसून शोधून काढलं. त्या माणसाचं नाव कुठेच लिहिलेलं नाही.

दुसरं, पांढरा कुडा. जुलाब, आव यांवर त्याच्या सालीचा काढा देतात. फुलांची आणि शेंगांची भाजी आपण कोकणात खातोच. साल काढताना जाणता माणूस खोडाच्या एका बाजूची पट्टी काढतो, गोल फिरवून काढत नाही. गोल काढली की झाड उभ्या उभ्या वाळतं. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या झाडाकडे जातो. औषधाच्या यादीत 'कुडा : साल : जुलाब' एवढंच येतं. पट्टी कुठली काढायची, किती रुंद, किती वर्षांनी त्याच झाडाकडे परतायचं, हे यादीत येत नाही. माझ्या लेखी खरं ज्ञान तेच आहे.

मुरुडशेंग, गुळवेल, हिरडा, अडुळसा, शतावरी ही नावं सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून त्यांवर थांबत नाही.

या औषधांना शास्त्रीय आधार आहे का?

काहींना भक्कम आहे, काहींना नाही, आणि बहुसंख्य औषधं कुणी तपासलेलीच नाहीत.

हिवतापावरचं क्विनाइन अँडीजच्या उतारावरच्या ओल्या जंगलातल्या सिंकोनाच्या सालीतून आलं. १८२० मध्ये पेलेटिये आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं. अ‍ॅमेझॉनमधले शिकारी बाणाला क्युरारे हे विष लावायचे. त्यातल्या ट्युबोक्युरारिनमुळे शस्त्रक्रियेत स्नायू सैल ठेवणं शक्य झालं, १९४२ पासून भूलतज्ज्ञ ते वापरू लागले. सोसायटीच्या फाटकापाशी जी सदाफुली असते ती मूळची मादागास्करची. तिच्यापासून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही औषधं निघाली. त्यातलं व्हिन्क्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर जगभर दिलं जातं. ज्यांच्या घरचं कुणी खारघरच्या टाटा कर्करोग केंद्रात उपचारासाठी राहिलं असेल, त्यांच्या कानावर हे नाव पडलेलं असेल.

पण सदाफुलीचीच गोष्ट नीट बघितली तर दुसरी बाजूही दिसते. लोक तिचा पाला मधुमेहावर घेत होते. तपासताना शास्त्रज्ञांना रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होताना दिसल्या आणि शोध कर्करोगाकडे वळला. लोकज्ञानाने झाड दाखवलं, नेमका उपयोग प्रयोगशाळेने शोधला. दोघांचं काम मोलाचं आहे आणि एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

हे आणि आयुर्वेद एकच ना?

झाडं पुष्कळशी तीच, पण परंपरा वेगळ्या. आयुर्वेद ग्रंथांत आहे, त्याची महाविद्यालयं आहेत, पदवी आहे. वारली किंवा कातकरी औषध तोंडी आहे आणि त्या डोंगरापुरतं, त्या पाड्यापुरतं आहे. शेजारच्या पाड्यावर तेच झाड वेगळ्या कारणासाठी वापरतील.

हा फरक कायद्यातही आहे, आणि तो मला अन्यायाचा वाटतो. जैवविविधता कायदा २००२ साली आला तेव्हा तत्त्व असं होतं की स्थानिक लोकांच्या ज्ञानावर किंवा त्यांच्या रानातल्या मालावर कुणी धंदा केला तर नफ्यातला वाटा त्या लोकांना द्यावा. हे भारतीय कंपन्यांनाही लागू आहे, असं उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिव्य फार्मसी या आयुर्वेदिक औषध कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केलं. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथात नोंद असलेल्या पारंपरिक ज्ञानाचा वापर या जबाबदारीतून वगळला. हिरडा, गुळवेल, शतावरी सगळं ग्रंथांत आहे. म्हणजे शतावरीची मुळी एका कातकरी बाईने तिच्या आजीकडून शिकून खणून आणलेली असली, तरी कंपनी ग्रंथाकडे बोट दाखवू शकते.

लिहून ठेवलं की ज्ञान वाचतं ना? मग अडचण काय?

लिहावं, पण कुणाच्या नावाने, कुणाच्या परवानगीने आणि कुणासाठी लिहितो हे आधी ठरवावं.

आपल्याच किनाऱ्यावरचं जुनं उदाहरण आहे. सतराव्या शतकात डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंड करवून घेतले. १६७८ ते १६९३ या काळात ते अ‍ॅम्स्टरडॅमला छापले गेले. त्यातलं मोठं ज्ञान इट्टी अच्युतन या ईळवा वैद्याचं होतं. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा कोकणी वैद्यांनीही मदत केली आणि त्यांचं नागरी लिपीतलं कोकणी प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापलेलं आहे. माहिती कुणी दिली हे त्या काळातही नावानिशी नोंदवता येत होतं. आज पाड्यावर जाऊन केलेल्या कित्येक प्रबंधांत माहिती देणाऱ्याचं नाव 'स्थानिक आदिवासी' एवढंच असतं.

उलट मात्सेस लोकांनी काय केलं बघा. पेरू आणि ब्राझीलच्या सीमेवर राहणारी ही जमात. त्यांच्याकडच्या बेडकाच्या स्रावावर बाहेरच्यांनी संशोधन करून पेटंटं घेतलेली होती. २०१५ मध्ये त्यांच्या पाच ज्येष्ठ वैद्यांनी आणि तरुणांनी मिळून सुमारे पाचशे पानांचा औषधकोश पुरा केला. तो फक्त मात्सेस भाषेत आहे. इंग्रजी नाही, स्पॅनिश नाही, झाडांची शास्त्रीय नावं नाहीत. बाहेरच्याला तो सहजी वाचता येऊ नये हा हेतू, आणि तरुण मात्सेस मुलांनी तो हातात घेऊन म्हाताऱ्याबरोबर रानात जावं हा दुसरा हेतू. मला हा प्रयत्न फार मोठा वाटतो, कारण त्यात शिकणारा कोण हे आधी ठरलं आणि कागद नंतर आला.

पेटंटची चोरी खरंच होते का?

होते, आणि त्यातल्या काही लढाया आपण जिंकल्या आहेत. हळदीने जखम भरते यावर १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे) महासंचालक होते. संस्थेने जुने पुरावे काढून आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. कडुनिंबाचं युरोपातलं पेटंट २००० मध्ये रद्द झालं आणि २००५ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं. अ‍ॅमेझॉनमध्ये पवित्र मानल्या जाणाऱ्या आयावास्का वेलीवर एका अमेरिकन माणसाने १९८६ मध्ये पेटंट घेतलं होतं. आदिवासी संघटनांनी लढून १९९९ मध्ये ते रद्द करवलं, २००१ मध्ये ते पुन्हा त्याच्याकडे गेलं आणि २००३ मध्ये मुदत संपल्यावरच सुटलं.

हळदीच्या धड्यानंतर भारताने पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल भांडार उभं केलं. परदेशातली पेटंट कार्यालयं ते तपासतात. काम उत्तमच आहे. पण त्याचा पाया ग्रंथांतलं ज्ञान आहे: आयुर्वेद, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा (तिबेटी वैद्यक), योग. येऊरच्या सुईणीला जे माहीत आहे ते त्यात नाही. उद्या कुणी त्यावर हक्क सांगितला तर दाखवायला पान नाही. मे २०२४ मध्ये जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सदस्य देशांनी एक करार संमत केला. पेटंट मागताना जनुकीय साधनसामग्री (झाडं, बिया, जीवजंतू) आणि तिच्याशी जोडलेलं पारंपरिक ज्ञान कुठून घेतलं हे सांगावं लागेल, असं त्यात आहे. तो अमलात आला की बरंच काही बदलू शकेल.

आदिवासींना नफ्यातला वाटा मिळाल्याचं एकतरी उदाहरण आहे का?

आहे, आणि ते सह्याद्रीतलंच आहे. १९८७ मध्ये काही शास्त्रज्ञ केरळच्या अगस्त्य डोंगरात फिरत होते. चढ चढून ते दमले, पण सोबतचे कानी जमातीचे वाटाडे तरतरीत. ते वाटेत कसलीशी छोटी फळं तोंडात टाकत होते. आधी त्यांनी सांगायला नकार दिला, कारण ते जमातीचं ज्ञान होतं. बऱ्याच मिनतवारीनंतर 'आरोग्यपच्चा' दाखवली. पालोडच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यानात डॉ. पुष्पांगदन यांच्या गटाने त्यावर काम करून 'जीवनी' हे औषध तयार केलं. १९९५ मध्ये ते कोइमतूरच्या एका आयुर्वेदिक कंपनीला १० लाख रुपये आणि विक्रीवर २ टक्के रॉयल्टी या बोलीवर दिलं गेलं. त्यातला निम्मा वाटा कानींचा. त्यासाठी १९९७ मध्ये कानींचा न्यास नोंदवला गेला. अशा प्रकारचा वाटा देण्याच्या जगातल्या पहिल्या उदाहरणांत याची गणना होते.

पुढचं मात्र सांगितलं जात नाही. कानी तीन-चार भागांत विखुरलेले, त्यातल्या पुष्कळांना कुणी विचारलंच नव्हतं. ते नाराज झाले. औषधाला पानं लागत, पण वनखात्याने राखीव जंगलातून ती गोळा करू देण्याला हरकत घेतली. पुरवठा अडखळला. म्हणजे ज्ञानाचा वाटा मिळाला, पण जंगलावरचा हक्क नव्हता, म्हणून वाटाही फार काळ वाढला नाही. आपल्याकडे कुणी अशी योजना घेऊन आलं तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: झाड ज्या जमिनीवर आहे तिथे या लोकांना जायला मिळणार का?

आपल्याकडे जंगलावर हक्क आहे का?

कायद्यात आहे. वन हक्क कायदा २००६ च्या कलम ३(१) मध्ये गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून रानातला इतर माल, गोळा करण्याचा, विकण्याचा हक्क आहे. जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समाजाचा बौद्धिक संपदा हक्कही त्यातच आहे, आणि हा भाग फार कमी लोकांनी वाचलेला असतो. राष्ट्रीय उद्यानातल्या जमिनीलाही हा कायदा लागू होतो. मात्र दावे मंजूर होणं, नकाशे होणं, सामूहिक हक्क कागदावर येणं ही लांबलचक वाट आहे, आणि येऊरसारख्या शहराला टेकलेल्या जंगलात जमिनीचा भाव बघता ती आणखी लांब होते.

शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांच्या एका गटाने आदिवासी गटांना वनोपज विकायला मदत करणाऱ्या प्रधानमंत्री वनधन योजनेतून गुळवेल गोळा करून, वाळवून थेट मोठ्या औषध कंपन्यांना विकायला सुरुवात केली. मधला व्यापारी गळाला की दर सुधारतो. मला अशा गटांकडून आशा आहे, एका अटीवर: वेल तोडताना मुळाकडचा भाग सोडायचा हे जुनं वळण मागणी वाढल्यावरही टिकलं पाहिजे.

मागणी वाढली तर आदिवासींचा फायदाच ना?

नरक्याचं काय झालं ते ऐका. सह्याद्रीच्या सदाहरित पट्ट्यात येणारं हे लहानसं झाड. त्यात कॅम्प्टोथेसिन असतं, आणि त्यापासून आतड्याच्या, बीजकोशाच्या, फुप्फुसाच्या कर्करोगावरची औषधं तयार होतात. हे द्रव्य पहिल्यांदा १९६६ मध्ये एका चिनी झाडात सापडलं, मग काही वर्षांतच आपल्या नरक्यात कळलं. त्यानंतर आंबोली, चंदगड, दोडामार्ग या पट्ट्यातून नरक्या ट्रक भरून चोरटा जाऊ लागला. अख्खं झाड मुळासकट उपटायचं, तुकडे करायचे, पोत्यात भरायचं. तोडणाऱ्याला मजुरी, पकडला गेला तर गुन्हाही त्याच्यावरच. माल पुढे कुणाकडे गेला हे क्वचितच बाहेर आलं.

सिंकोनाचीही हीच कथा. बोलिव्हियातल्या मान्वेल इंक्रा ममानी या आयमारा माणसाला चांगलं झाड कुठलं हे कळत होतं. १८६५ मध्ये त्याने गोळा करून दिलेलं बी इंग्रज व्यापारी चार्ल्स लेजर याच्यामार्फत डचांकडे गेलं. जावातल्या मळ्यांनी पुढे जगातलं बहुतेक क्विनाइन पुरवलं. ममानी पुन्हा बी गोळा करताना पकडला गेला, तुरुंगात त्याला मारहाण झाली आणि त्यातच त्याचा अंत झाला.

नोंदवही म्हणतात ती काय असते?

लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे आपल्या भागातली झाडं, प्राणी आणि त्यांविषयीचं लोकांचं ज्ञान लिहून ठेवायची वही. प्रत्येक स्थानिक संस्थेने, म्हणजे ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत, जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून ती करायची असते. ठाणे आणि नवी मुंबई यातून सुटलेली नाहीत. नोंदवही सल्लागाराने कार्यालयात बसून भरली तर ती निव्वळ यादी होते. लोकांबरोबर रानात फिरून भरली, आणि कुठलं ज्ञान गुप्त ठेवायचं हे लोकांनाच ठरवू दिलं, तर उद्या हक्क सांगायला तीच कामाला येते. आपल्या भागाची नोंदवही बघायला मागा. माहितीच्या अधिकारात मिळते.

भगताचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला तर प्रसार होईल ना?

कृपा करून विचारल्याशिवाय टाकू नका. औषध सांगितलं की त्याचा गुण जातो असं मानणारे कित्येक आहेत, आणि त्यांचा तो नियम आहे. ज्यांची हरकत नाही त्यांनाही व्हिडिओ किती जण बघतील याची कल्पना नसते. झाड कुठे आहे ती जागा तर कधीच दाखवू नका. दुसऱ्या आठवड्यात तिथे खड्डा असतो.

ही औषधं आम्ही घरी घ्यावीत का?

पाड्यावरची बाई झाड ओळखते, आजारी माणसाला ओळखते आणि मात्रा हाताने ठरवते. मोबाइलवर फोटो बघून घेणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. कळलावीचा कंद सुंदर फुलाखाली असतो आणि त्यातल्या कोल्चिसिनने माणूस दगावतो. कोविडच्या काळात लोकांनी गुळवेल महिनोन् महिने मनाने घेतली. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही आणि दुसऱ्याच जातीची वेल घेतली गेली असेल असं म्हटलं. दोन्हींचा अर्थ आपल्यापुरता एकच: अंगणातली वेल तीच आहे का याची खात्री नसेल आणि यकृताचा त्रास असेल तर घेऊ नका. तान्ह्या बाळाला मुरुडशेंग उगाळून देण्याआधीही डॉक्टरांना विचारा. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध हाच सल्ला आहे.

साप, विंचू किंवा कुत्रा चावला तर थेट रुग्णालय. त्या वेळी उपचारापासून अडवून मंत्र-गंडे देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पाड्यावरचे जाणते लोकही आता सर्पदंशाला गाडी बोलावतात, हे मुद्दाम सांगतो.

राष्ट्रीय उद्यानातून एखादं रोप आणलं तर चालेल?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. रोपवाटिकेतून घ्या.

कुंडीत, सोसायटीच्या बागेत औषधी झाडं लावली तर परंपरा जपली जाईल का?

अडुळसा, गवती चहा, गुळवेल जरूर लावा. पण ते बागकाम आहे, परंपरा वेगळी.

भाषेचा याच्याशी काय संबंध?

फार जवळचा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर अमेरिका, वायव्य अ‍ॅमेझॉन आणि न्यू गिनी इथल्या २३६ भाषांमधले वनस्पतींचे १२,४९५ औषधी उपयोग तपासले गेले. त्यातले तीन चतुर्थांशाहून जास्त फक्त एकेका भाषेतच आढळले. वायव्य अ‍ॅमेझॉनमध्ये तर हे प्रमाण ९१ टक्के होतं. म्हणजे झाड उभं असलं तरी ती भाषा बोलणारी शेवटची माणसं गेली की उपयोग गेला. ठाणे जिल्ह्यातली वारली, कातकरी मुलं आश्रमशाळेत प्रमाण मराठीत शिकतात आणि सुट्टीत घरी येतात ती जूनमध्ये शाळा उघडली की परत जातात. नेमका त्याच वेळी रान उगवतं. सुट्ट्यांचं वेळापत्रक बदलता येत नसेल तर निदान पावसाळ्यात आठवड्यातून एक दिवस गावातल्या जाणत्या बाईला मानधन देऊन शाळेत बोलावता येईल. याला फार पैसा लागत नाही.

आमच्या शाळेला येऊरच्या पाड्यावर मुलांना न्यायचं आहे. काय लक्षात ठेवावं?

जुलै-ऑगस्ट उत्तम. वनखात्याची परवानगी आधी काढा. तीस-चाळीसच्या वर मुलं नेऊ नका, मागच्यांना काही ऐकू येत नाही. ज्या मावशी किंवा आजोबा झाडं दाखवणार त्यांना पाहुण्या व्याख्यात्याला देता तितकंच मानधन द्या आणि ते किती हे आधी ठरवा, निघताना हातात नोटा कोंबू नका. मुलांनी काही तोडायचं नाही. वहीत झाडाचं नाव लिहितील तिथे सांगणाऱ्याचं नावही लिहू द्या, त्यांना विचारून. शाळेच्या प्रदर्शनात तक्ते लावाल तेव्हा त्याच मावशींना बोलवा आणि चुका दुरुस्त करायला सांगा. भाकरी-भाजी पाड्यावर खायची असेल तर दोन दिवस आधी कळवा, चाळीस जणांचा स्वयंपाक चुलीवर होतो.